आपल्या मोटारीला कोणते तेल घालावे?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



ह्या व्यासपीठावर आजवर बाळंतिणीचा आहार, लोणच्यांची साठवण, मुलांच्या सवयी अशा विषयांवर पुष्कळ बोलणे झाले. मोटारीच्या इंजिनातील तेल हा विषय चिटणीसबाईंनी माझ्याकडे दिला, तेव्हा दोघीतिघींनी मला हसून विचारले की, हे तर पुरुषांचे काम, त्यात आपण काय सांगणार? त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे. परंतु आमच्या घरचे गेली अठरा वर्षे वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला प्रवासी गाडी चालवतात. आमच्या घरात तांदूळ-डाळ येते ती त्या गाडीच्या जोरावर, आणि वाणसामानाच्या वहीशेजारी गाडीच्या खर्चाची वहीही मीच लिहिते. शिवाय आता आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दारात गाडी उभी आहे. तिचे हप्ते आपल्याच घरखर्चातून जातात. ज्या वस्तूचे पैसे आपण भरतो, तिच्या पोटात काय ओतले जाते हे आपल्याला ठाऊक असावयास नको का?

प्रथम हे तेल करते काय, ते पाहू. इंजिनात लोखंडाचे भाग एकमेकांवर मिनिटाला हजारो वेळा घासले जातात. मधे तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते एकमेकांना खात नाहीत. हे झाले पहिले काम. तेच तेल आतली उष्णता वाहून नेते, जळणाची काजळी आपल्या अंगावर घेते, पिस्टनच्या बाजूच्या फटी बुजवते आणि गंज चढू देत नाही. म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखे आहे. पाच कामे एकटीने करते आणि दिसत मात्र कोणाला नाही.

आता कोणी म्हणेल, तेल ते तेल, कोणतेही घातले म्हणून काय बिघडले? आपल्या मंडळाच्या शिवणवर्गातील मुलींना विचारा. शिवणयंत्रात गोडेतेल घातले तर दोन दिवस यंत्र छान चालते. मग ते तेल चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि चाक जड फिरू लागते. म्हणून यंत्राला यंत्राचेच तेल लागते. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात आणि पहिल्या महायुद्धातील विमानांतसुद्धा एरंडेल वापरीत असत. तेही उत्तम वंगण, पण तापून तापून चिकटा धरीत असे. पुढे खनिज तेले आली, त्यांत निरनिराळी औषधे मिसळू लागले, आणि प्रत्येक तऱ्हेच्या इंजिनासाठी वेगळे तेल होऊ लागले. म्हणून आज दुकानात डब्यांची एवढी रांग दिसते आणि माणूस गोंधळतो.

ह्या गोंधळातून वाट काढायला मी एक सोपी गोष्ट सांगते. गाडीबरोबर एक पुस्तक मिळते. बहुतेक घरांत ते गाडीच्या पुढच्या कप्प्यात, पेट्रोलच्या पावत्यांखाली पडलेले असते. त्यात तेलाचे पान असते. त्या पानावरून तीन गोष्टी लिहून घ्यावयाच्या: तेलाचे आकडे, तेलाची अक्षरे आणि तेलाचे माप. एवढे ज्या बाईला ठाऊक आहे, तिला गॅरेजवाला किंवा दुकानदार भलतेच तेल देऊ शकत नाही.

आधी आकडे. डब्यावर ५ डब्ल्यू-३०, ० डब्ल्यू-२०, १५ डब्ल्यू-४० असे काहीतरी इंग्रजीत छापलेले असते. सातवीच्या इंग्रजीने ते सहज वाचता येते. तेलाच्या दाटपणाची ही प्रतवारी अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली सुरू केली. तिला एसएई म्हणतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती मोकळे राहते ते सांगतो. जितका आकडा लहान, तितके ते थंडीत लवकर वाहते. मागचा आकडा तेल १०० अंशांपर्यंत तापल्यावर किती दाट राहते ते सांगतो. जितका मोठा, तितके ते दाट. आपण पाक करतो तेव्हा गरम असताना एकतारी असलेला पाक गार झाल्यावर घट्ट होतो, हे आपल्याला माहीत आहे. खोबरेल तेल पौषात बाटलीत थिजते, हेही आपण पाहतो. मोटारीच्या तेलाने ही दोन्ही टोके सांभाळावयाची असतात, म्हणून दोन आकडे.

येथे एक शंका हमखास निघते. आमच्या घरच्यांनीही ती काढली होती. ० डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशांवर घेतात, ५ डब्ल्यूची उणे ३० वर. आपल्याकडे एवढी थंडी कोठे आहे? फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते. मग इतके पातळ तेल आपल्याला कशाला? शंका रास्त आहे. उत्तर असे की, रात्रभर उभ्या गाडीतील तेल खाली ओघळून तळाशी बसते. सकाळी गाडी सुरू केली की ते पुन्हा वरपर्यंत चढेतो इंजिनाचे भाग जवळजवळ कोरडे फिरतात, आणि झीज होते ती विशेषकरून ह्याच वेळी. वीस अंशांच्या सकाळीसुद्धा जाड तेलापेक्षा पातळ तेल वर लवकर पोहोचते. दुसरे असे की, हल्लीच्या इंजिनांत तेलाच्या वाटा फार बारीक असतात, आणि तेलाच्याच दाबावर काही भाग पुढेमागे सरकतात. त्यांना जाड तेल मानवत नाही. शिवाय दाट तेल ढवळण्यात इंजिनाची ताकद खर्च होते आणि जळण जास्त लागते.

"जाड तेल घाला, इंजिन टिकेल," हा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे. तो सल्ला देणारे खोटे बोलत नाहीत. त्यांचे हात ज्या गाड्यांवर बसले, त्या गाड्यांना तेच योग्य होते. फियाट, अँबॅसडर ह्यांच्या काळी इंजिनाच्या भागांत फटी मोठ्या असत आणि २० डब्ल्यू-४०, २० डब्ल्यू-५० अशी तेले सर्रास चालत. परंतु मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस निवृत्त झाली. आज कित्येक लहान पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकांत ० डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ ० डब्ल्यू-१६ लिहिलेले असते. उलट जुन्या गाडीच्या पुस्तकात जाड तेल सांगितले असेल, तर तिला हौसेने पातळ तेल घालणेही बरे नव्हे. तिच्यात तो थर तुटेल आणि तेल जळून संपेल. आजीचा चष्मा नातीला चालत नाही आणि नातीचा आजीला चालत नाही, तसेच हे आहे.

आता अक्षरे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, ही संस्था तेलाच्या गुणांची प्रत ठरवते. पेट्रोल इंजिनाच्या तेलाला एस ह्या अक्षराने सुरू होणारी जोडी असते आणि डिझेलच्या तेलाला सी ह्या अक्षराने. एसच्या पुढचे अक्षर जितके मागाहूनचे, तितकी प्रत नवी. एसएन ही २०१० सालची, एसपी २०२० सालची आणि एसक्यू २०२५ सालची. पुस्तकात एसएन लिहिले असेल आणि डब्यावर एसपी असेल, तर पेट्रोल गाडीला ते चालते. मात्र आकडे तेच हवेत. पुस्तकात एसपी असताना जुन्या प्रतीचा डबा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

डिझेलला मात्र हा सरळ हिशोब लागू नाही, आणि ह्यातच आमच्या घरातील एका बाईला फार सोसावे लागले. माझ्या धाकट्या नणंदेचे यजमान २०२१ साली गेले. मागे दोन मुले आणि वर्षापूर्वी कर्जाने घेतलेली एक डिझेल गाडी राहिली. नणंदेने ड्रायव्हर ठेवला आणि गाडी भाड्याने लावली. गाडी दिवसरात्र धावत असे. तेल वेळच्या वेळी बदलले जाई, त्यात कधी हयगय झाली नाही. पण ज्या गॅरेजात ते बदलत, तेथे ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी आणलेल्या पिंपातले तेल तिच्या गाडीत घालीत. डिझेलची गाडी, डिझेलचे तेल, त्यात काय पाहावयाचे, असा त्यांचा विचार. वाईट बुद्धीने केले असे मी म्हणणार नाही.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज ६ हे धुराचे नवे नियम सर्वत्र लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी एक गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी धावता धावता आतच जाळून टाकते आणि गाळणी मोकळी करते. परंतु थोडे इंजिन-तेलही नेहमी जळत असते, आणि तेलात जी औषधे असतात त्यांची राख होते. चुलीत कोळसा जळून जातो, राख मात्र उरते. ती काढल्यावाचून जात नाही. ह्या गाळणीचेही तसेच आहे. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. युरोपातील मोटार कारखानदारांच्या संघटनेने, म्हणजे एसीईएने, त्याची सी-२, सी-३ अशी प्रतवारी केलेली आहे. नणंदेच्या गाडीच्या पुस्तकात सी-३ असे स्पष्ट छापलेले होते. तीन वर्षे ते पुस्तक कोणी उघडले नाही.

मग गाळणीचा दिवा वरचेवर लागू लागला, गाडीचा जोर कमी झाला, भाडी हातची जाऊ लागली. कोणी सांगितले, ती गाळणीच कापून काढा. पण तसे करणे कायद्यात बसत नाही, आणि तो धूर शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जातो. अखेर गाळणी नवी घालावी लागली. हप्त्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले आणि तिच्या हातातील बांगड्यांचा जोड गहाण पडला. मला ती म्हणाली, "वहिनी, तेलाला मी कधी पैसे कमी दिले नाहीत हो. कोणते घालता, एवढे मात्र कोणाला विचारले नाही. बाईमाणसाने गॅरेजात जाऊन काय विचारावयाचे, असे वाटले." भगिनींनो, हे तिचे वाक्य ऐकले तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतला. आता तेलाचा डबा ती स्वतः विकत घेते आणि आपल्यासमोर उघडायला लावते. बांगड्याही मागल्या दिवाळीत सुटल्या.

आता खर्चाविषयी. दुकानात साधे खनिज, अर्धे सिंथेटिक आणि पूर्ण सिंथेटिक अशा तीन तऱ्हा असतात. सिंथेटिक तेल उन्हातान्हात आणि थंडीत अधिक टिकते, हे खरे आहे. ० डब्ल्यू-२० सारखी पातळ तेले बहुधा सिंथेटिकच असतात, तेथे दुसरा मार्ग नाही. परंतु ज्या गाडीच्या पुस्तकाने साध्या तेलावर समाधान मानले आहे, तिला चौपट किमतीचे तेल घालून ती काही विमान होत नाही. महाग तेल घातले म्हणून बदलण्याची मुदत आपल्या मनाने वाढवणे, हे तर मुळीच करू नये. तसेच तेलात मिसळण्याच्या ज्या छोट्या बाटल्या विकतात, त्यांचीही गरज नाही. चांगल्या तेलात लागणारी सर्व औषधे आधीच असतात. तयार मसाल्यात पुन्हा मसाला घातला तर भाजीची चव बिघडते.

मुदतीचे म्हणाल, तर पुस्तकात किलोमीटर आणि महिने असे दोन्ही दिलेले असते. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, ह्यांतील जे आधी येईल ते, असे लिहितात. त्याच पानावर बारीक अक्षरात कष्टाच्या वापराचा उल्लेख असतो. धूळ, घाट, भरलेली गाडी, उभ्या जागी चालू इंजिन अशी गाडी वापरली तर मुदत कमी होते. पसरणीचा घाट भरल्या गाडीने दिवसातून दोनदा चढणाऱ्यांनी हे आपल्यालाच लिहिले आहे असे समजावे. आणि ज्या बाई म्हणतात, आमची गाडी फक्त भाजी मंडईपर्यंत जाते, त्यांनीही निश्चिंत राहू नये. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, पाण्याचा अंश आणि कच्चे जळण तेलात साचत जाते. अशा गाडीला किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाने तेल बदलावेच लागते. तेलाबरोबर तेलाचा फिल्टरही बदलावा. नव्या तेलासाठी जुनी गाळणी ठेवणे म्हणजे ताजे दूध न विसळलेल्या पातेल्यात ओतणे.

आता मापाविषयी. लहान गाडीत साधारण तीन लिटरच्या आसपास तेल मावते. नेमके माप पुस्तकात असते. घरी तपासावयाचे तर गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, तेलाची पट्टी ओढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मधे असावे. खालच्या खुणेखाली तर नकोच, पण वरच्या खुणेवरही नको. जास्त तेल फिरत्या दांड्याने घुसळले जाऊन त्याचा फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. रंगावरून मात्र फसू नये. तेल काळे दिसले म्हणजे वाईट झाले असे नाही. ते काजळी उचलत आहे, एवढाच त्याचा अर्थ. डिझेलचे तर थोड्या दिवसांतच काळे होते. परंतु दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसला, तर तेलात पाणी शिरले आहे असे समजून लगेच मिस्त्रीला दाखवावे. आणि वाटेत तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लागला, तर "घर जवळच आहे" असे म्हणू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. तो दिवा तेलाचा दाब गेल्याची खूण आहे.

ज्या मुली व बाया दुचाकी चालवतात त्यांच्यासाठी दोन शब्द. गिअरच्या मोटारसायकलचा क्लचही बहुधा इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून तिच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ असे लिहिलेले हवे. मोटारीचे उरलेले तेल तिच्यात ओतले तर क्लच घसरू शकतो. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, आणि पुष्कळ स्कूटरना एमबी हे तेल सांगितलेले असते. येथेही पुस्तक पाहावे. ज्यांच्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे, त्यांना इंजिनच नाही, तेव्हा हे तेलही नाही. त्यांनी माझे भाषण शेजारणीसाठी ऐकले असे समजावे.

खरेदी करताना बंद डबा घ्यावा, झाकणाचे सील पाहावे, आणि पावतीवर तेलाचे आकडे व अक्षरे लिहून घ्यावीत. नुसते "ऑइल" एवढे लिहिलेली पावती घेऊ नये. रिकामा डबा घरी आणून त्याला भोक पाडावे, म्हणजे कोणी त्यात भलते तेल भरून पुन्हा विकणार नाही. काढलेले जुने तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू देऊ नये. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. जुने तेल गोळा करून शुद्धीकरणाला पाठवणाऱ्या गॅरेजातच ते द्यावे. कृष्णामाईच्या काठी आपण राहतो. तिची ओटी भरावयाची आणि तिच्यात तेलही सोडावयाचे, हे शोभत नाही.

ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, अशी आपल्याकडे म्हण आहे. तेलाच्या बाबतीत मी म्हणेन, ऐकावे जनाचे आणि करावे पुस्तकाचे. मिस्त्रीचा अनुभव मोठा असतो, त्याचा मान राखावा. पण ओतण्यापूर्वी "दादा, डबा जरा दाखवा," एवढे म्हणण्याने कोणाचाही अपमान होत नाही. आमच्या घरच्यांनाही प्रथम संकोच वाटला होता. आता तेच म्हणतात, "आकडे वहीत आहेत ना? मग वही बरोबर दे."

पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता ज्यांच्या घरी मोटार, स्कूटर अगर ट्रॅक्टर असेल त्यांनी आपापले पुस्तक घेऊन मंडळात यावे. आपण सर्वजणी मिळून तेलाचे पान शोधू आणि आकडे, अक्षरे व माप एका जाड कागदावर ठळक लिहून घेऊ. तो कागद गाडीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा कप्प्यात चिकटवावा. ज्यांची पुस्तके हरवली असतील त्यांनी गाडीचा नमुना आणि साल लिहून आणावे, कंपनीच्या दुकानातून आपण माहिती मागवू. माझ्या नणंदबाईही त्या दिवशी येणार आहेत. सी-३ कोठे छापलेले असते, ते त्या सर्वांना बोट ठेवून दाखवतील.